ताईचं अर्धं डोकं

मुलगी झाली तेव्हा बारक्यानं सगळ्यात आधी तिचं नाक पाहिलं. चिमुकलं, थेट त्याच्या आईसारखं नाक! "सुटलो," म्हणत त्यानं मोठा सुस्कारा सोडला.

त्यांच्या घरात ही तपासणी पक्की होती. बारक्याच्या वडिलांकडचं नाक लांबलचक, टोकाला खाली वळलेलं. ते आजीला होतं, ती स्तनाच्या कॅन्सरनं गेली. आत्यालाही होतं, तीही तशीच गेली. झालं, घरानं ठरवूनच टाकलं: नाक आलं की आजार आला. बिननाकवाले निर्धास्त हिंडायचे आणि नाकवाल्यांची तब्येत उगाच हळू आवाजात विचारायचे.

आता, मुलगी मोठी होऊन नोकरीला लागल्यावर, बारक्याच्या ताईच्या छातीत गाठ सापडली. ताईचं नाक तर दारातून तिच्या आधी आत यायचं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, जनुकात वडिलांकडून आलेला एक बिघाड निघाला. सख्ख्या भावानंही तपासून घ्यावं, असं ते म्हणाले.

"माझं नाक आईचं आहे," म्हणून बारक्यानं विषय संपवला. खरी गोष्ट वेगळीच होती. दिवसभर लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवणारा हा गडी सुईला टरकायचा.

एका सकाळी ताई त्याच्या सलूनमध्ये येऊन खुर्चीत बसली. औषधांनी केस गळायला लागले होते. "गळायची वाट कोण बघत बसणार? काढून टाक सगळे."

डोळे पुसत बारक्यानं मशीन चालू केलं आणि डावी बाजू साफ केली. तोच ताई उठली.

"बास. उजवी बाजू तू रक्त दिल्यावर."

"ताई, वेड लागलंय का तुला? गिऱ्हाइकं बघतायत!"

"बघू देत. विचारलं तर सांगीन, माझ्या भावानं कापलेत."

आणि ती खरोखरच स्टूल घेऊन दारात, सलूनच्या पाटीखाली पेपर वाचत बसली. एक गिऱ्हाईक तिला बघून आल्या पावली परत गेलं. दुसऱ्यानं विचारलं, "नवीन फॅशन का?" ताई म्हणाली, "हो, इथंच करतात." तोही गेला. दुपारपर्यंत बारक्यानं हात टेकले आणि शटर ओढलं.

लॅबमध्ये त्यानं डोळे घट्ट मिटले. "जास्त घेऊ नका हं," तो नर्सला म्हणाला, "कडेकडेनंच घ्या."

संध्याकाळी ताईची उजवी बाजू झाली. पुढे रिपोर्ट आला. बिघाड बारक्यातही होता.

"पण डॉक्टर, माझं नाक..."

"नाकाचा आणि याचा काडीचाही संबंध नाही," डॉक्टर म्हणाले. "बिघाड आहे म्हणजे कॅन्सर होणारच, असं नाही. धोका वाढतो, म्हणून तपासत राहायचं. पुरुषांतही येतो तो. आणि तुमच्या मुलीकडे गेला असण्याची शक्यता निम्मी."

बारक्या धावतच घरी गेला आणि लेकीला सगळं सांगितलं. लेक आरशात बघत शांतपणे म्हणाली, "बाबा, माझं नाक तुमच्या आईचं आहे. तुम्हीच सांगता ना?"

त्याच्या पायाखालची जमीन सरकली. हे खूळ त्यानंच तिच्या डोक्यात भरवलं होतं. त्यानं समजावलं, ओरडला, रडलासुद्धा. लेक ढिम्म.

लेक बँकेत काउंटरवर बसायची. दुसऱ्या दिवशी रांगेत अचानक कुजबुज झाली. तिनं मान वर केली. समोर बाबा उभे होते. ज्या दाट केसांचा त्यांना केवढा तोरा, ते डावीकडून सफाचट. मागे ताईआत्या, टक्कल चमकवत, नाक पुढे काढून.

"बाबा! हे काय?"

"तुझ्या आत्याची फॅशन. उरलेली बाजू तू रक्त दिल्यावर."

"अहो, साहेब बघतायत!"

"बघू देत. सांग, माझे बाबा आहेत."

लेकीला हसू फुटलं आणि हसता हसता रडू आलं. "मला भीती वाटते हो, बाबा."

"मलाही वाटते, बाळा. अजून वाटते. म्हणून तर दोघं जाऊ."

तिनं 'काउंटर बंद'ची पाटी पुढे सरकवली आणि पर्स उचलली.