मागचे ब्रेक

हेझलनं मनाशी एक पैज लावली होती आणि ती क्लाइव्हला सांगितली नव्हती. मागच्या चाकांचे ब्रेक पॅड त्यानं आज स्वतःच्या हातानं नीट बसवले, तर गाडीची किल्ली त्याच्याच खिशात राहील. नाही बसवले, तर... त्या 'तर'च्या पुढे ती रोज सकाळी चहाचं पाणी ठेवताना जायची आणि किटली शिट्टी मारू लागली की माघारी यायची.

गेल्या महिन्यात डर्बीहून येताना तो एका गोल चौकाला सतत फेऱ्या मारत राहिला होता. ती शेजारीच बसलेली. आधी तिला वाटलं, थट्टा करतोय. मग त्याचा चेहरा दिसला. "दुसरा फाटा," ती म्हणाली, आणि तो निमूट वळला. डॉक्टरीणबाईंनी आजाराला नाव दिलं. गाडीबद्दल मात्र "बघू या" एवढंच म्हणाल्या. बघायचं कुणी, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

ही गाडी काही शोरूममधून आणलेली नव्हती. क्लाइव्हनं ती घरच्याच गॅरेजात, हिवाळ्यामागून हिवाळे घालवून जोडली होती. सांगाडा आणि पत्रे ट्रकमधून खोक्यांत आले. इंजिन, गिअर, मागचे ब्रेक हे सगळं भंगारातल्या एका सिएरा मोटारीच्या पोटातून काढलं. त्यामुळे सुट्या भागांच्या दुकानात गाडीचा नंबर सांगून उपयोग नसे. कुठला अवयव कुणाचा, ते फक्त क्लाइव्हच्या डोक्यात.

आणि काल त्यानं दुकानात फोनवर खडाखडा सांगितलं होतं, "सिएराचे, मागच्या डिस्कचे." जरासुद्धा अडखळला नाही. हेझल स्वयंपाकघरात हातातला टॉवेल घट्ट धरून ऐकत होती. त्या एका वाक्यावर तिला रात्रभर शांत झोप लागली.

आता रविवारची सकाळ. गाडीचा मागचा भाग उचलून लोखंडी घोड्यांच्या आधारावर ठेवलेला, चाकं निघालेली. क्लाइव्ह जुन्या कार्पेटच्या तुकड्यावर गुडघे टेकून बसला होता. हेझल दोन मग चहा आणि बिस्किटं घेऊन आली आणि उगाचच तिथल्या बरण्या पुसू लागली.

"पहारा करतेयस का?" तो मान वर न करता म्हणाला.

"तुझ्यावर? तुझ्यात चोरण्यासारखं काय उरलंय?"

"बिस्किटं आहेत ना."

जुने पॅड निघाले. झिजून पोस्टकार्डाएवढे पातळ. त्यानं ते तिला दाखवले. "बघ. यांच्या भरवशावर फिरत होतीस इतके दिवस." हात सराईत होते, बोटं आपापली कामं ओळखत होती. हेझलच्या छातीवरचा दगड थोडा सरकला.

नवे पॅड जाड असतात. ते आत बसायला पिस्टन मागे न्यावा लागतो. क्लाइव्ह उठला, भिंतीपाशी गेला, आणि लोखंडी शिकंजा घेऊन परत आला.

हेझलचा हात बरणीवरच थांबला.

पुढच्या चाकांचा पिस्टन शिकंज्यानं दाबतात. मागचा नाही. मागच्याच्या पोटात हँडब्रेकचे आटे असतात. तो फिरवत फिरवत आत न्यायचा. जोर लावून ढकलला की आटे गेले. तिला हे कळायचं काही कारण नव्हतं, पण घरी गाड्या जोडणाऱ्यांच्या त्याच्या क्लबातला प्रत्येक नवखा ही चूक एकदा करायचाच, आणि क्लाइव्ह प्रत्येकाला इथेच, हातात मग धरून झापायचा: "ढकलू नका रे, फिरवा! बाटलीचं झाकण आहे ते, दार नाही!" बिचाऱ्या नेव्हिलनं तर दोन्ही बाजू मोडल्या होत्या. नाताळच्या जेवणात त्याला अजून 'शिकंजा' म्हणूनच हाक मारतात. ते नाव क्लाइव्हनंच ठेवलेलं.

क्लाइव्हनं शिकंजा लावला. स्क्रू आवळला. पिस्टन हलेना. त्यानं दांड्यावर सगळा भार टाकला.

"गंजलाय मेला," तो म्हणाला.

"क्लाइव्ह."

"थांब गं, येतोय. अजून जरा जोर—"

"ढकलू नकोस," ती म्हणाली. "फिरव."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. चिडून नाही. एखाद्या ओळखीच्या गल्लीत शिरावं आणि तिथं भलतंच घर निघावं, तसं.

हेझलनं खिळ्यावरचं हत्यार काढलं. जुन्या पान्याच्या टोकाला दोन खुंट्या जोडून त्यानंच बनवलेलं. ती कार्पेटवर बसली. गुडघे कडकड वाजले. शिकंजा सोडवला. खुंट्या पिस्टनच्या खाचांत बसवल्या, दाबून धरलं आणि फिरवलं. आधी काहीच नाही. मग, हळूच, पिस्टन आत जाऊ लागला. आटे वाचले होते.

क्लाइव्ह शेजारी उकिडवा बसून बघत होता, लक्ष देऊन, कौतुकानं.

"कुणी शिकवलं तुला हे?"

"होता एक," ती म्हणाली. "फार ओरडायचा."

दुसरी बाजूही तिनंच केली. तो तिच्या हातात एकेक वस्तू देत गेला. चाकं चढली, गाडी जमिनीवर आली. हेझलनं हात पुसले आणि त्याच्यापुढे तळवा धरला. काय मागतेय ते त्याला कळलं. किल्ली काढायला त्याला खूप वेळ लागला. खिसा काही एवढा खोल नव्हता.

"आज तू चालवणार?"

"आज," ती म्हणाली. आणि मग, कारण त्याच्याशी ती आजवर लबाडीनं वागली नव्हती, "यापुढे मीच."

तो शिकंजा उचलून त्याच्या जागी टांगून आला.

ती आत बसली. किल्ली फिरवणार, तोच तो दारातून ओरडला, "ए! आधी पेडल मार! पिस्टन मागे गेलेत, पुढं यायला नकोत?"

तिनं ब्रेक दाबला. पेडल थेट तळाशी गेलं, अंधारात जिन्याची एक पायरी जास्त समजावी तसं.

"अजून. मारत राहा. टणक लागेपर्यंत."

हे त्याला आठवत होतं. अगदी पक्कं. हेझलला त्या क्षणी किल्ली परत द्यावीशी वाटली. सगळाच गेला असता तर सोपं होतं. हा असा मधूनमधून घरी येत होता.

ती पेडल मारत राहिली. पाय टोकापर्यंत ताणावा लागत होता, कारण सीट त्याच्या लांब तंगड्यांच्या मापानं बोल्ट मारून बसवलेली. क्लाइव्ह तिच्या ताणलेल्या पावलाकडे बघत होता.

"उतर," तो म्हणाला.

"क्लाइव्ह, मी सांगितलं ना—"

"ऐकलंय मी. उतर म्हणतो. असा नेम धरून ब्रेक मारणार का?"

त्यानं न बघता तेरा नंबरचा पाना उचलला, सीटचे चार बोल्ट सोडले, सीट बाहेर काढली. मग चटई उलटली. पत्र्यावर, पुढच्या बाजूला, रबराची चार बुचं बसवलेली होती. त्यानं नखानं ती एकेक उपटली. खाली नीट पाडलेली, काठ घासलेली भोकं.

"ही कधी पाडलीस?"

"तेव्हाच. गाडी जोडताना." तो सीट पुढे सरकवून बोल्ट शोधत होता. "तू म्हणाली होतीस ना, मीही चालवीन कधीतरी."

हेझलला असं काही म्हटल्याचं मुळीच आठवत नव्हतं.

तिनं वाकून त्याच्या हातात पहिला बोल्ट दिला.