मंगनीच्या लांब रोट्या

जैतुनबीनं परात पुढ्यात ओढली की किन्हीराजा गावातल्या भल्याभल्या सुगरणी गप्प बसत. चुलीवर पालथं घातलेलं मडकं तापवून त्याच्या पाठीवर लांब रोटी टाकणं हे कुणाही ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हे. गहू भिजवून सावलीत वाळवायचा, जात्यावर दळून मलमलीतून गाळायचा आणि मिठाच्या पाण्यात इतका सैल तिंबायचा की उचलला की लोंबावा. तो गोळा ओल्या हातांवर खेळवत कोपरापर्यंत लांबवायचा आणि फाटायच्या आत मडक्यावर सोडायचा. नवख्या बाईची रोटी थेट चुलीत जाते, आणि हात पोळतो तो वेगळाच.

जैतुनबीला मात्र अलीकडे चटका बसत नसे. पूर्वी तीही हायहाय करून बोटं तोंडात घालायची. गेल्या दोन-तीन उन्हाळ्यांत ते थांबलं. तिला वाटलं, हात मुरला. नवऱ्याला, सैफुद्दीन पिंजाऱ्याला, तिनं कौतुकानं सांगितलंही. दिवसभर कापसाच्या धुरळ्यात खोकणारा तो भला माणूस ‘अल्लाची देन’ म्हणाला आणि मोकळा झाला.

आज त्यांच्या लेकीची, लतीफाची मंगनी होती. महायुद्धाच्या त्या दिवसांत गहू डोळ्यांना दिसत नव्हता, तरी सैफुद्दीननं कुठून कुठून पायलीभर जमवला होता. मानोऱ्याहून मुलाकडची माणसं बैलांच्या दमणीतून आली. मुलगा फय्याज, शिंपीकाम करणारा, अबोल. मामाच्या घरच्या लग्नात लतीफानं त्याला पाहिलं होतं आणि तेव्हापासून पोरगी उगाचच हसायची. या घरांमधली रीत अशी, की मंगनीच्या रोट्या मुलीच्या आईनं स्वतः टाकायच्या आणि मुलाकडच्या बायकांनी चुलीभोवती बसून पाहायच्या. रोट्या जमल्या की नातं जमलंच म्हणून समजा.

जैतुनबी रंगात आली होती. एकेक रोटी अशी उतरत होती, की घडी घातली तर मुठीत मावावी. फय्याजची आजी अमीनाबी चुलीला खेटून बसली होती. पहिल्या रोट्यांना ती ‘वाह गं बाई’ म्हणाली. मग तिची नजर रोटीवरून हातावर गेली. जैतुनबीचं मनगट मडक्याला टेकलं होतं आणि टेकलेलंच राहिलं होतं. ती आपली हसत बोलत होती. कातडी जळाल्याचा वास सगळ्यांना आला.

“हात भाजून राह्यला तुमचा,” अमीनाबी म्हणाली.

जैतुनबीनं हात उचलला. टरारून फोड आला होता. इथं तिनं खोटंखोटं जरी ‘हाय अल्ला’ केलं असतं तरी निभावून गेलं असतं. पण नाही! फुशारकी मारायला हाच मुहूर्त सापडला.

“माह्या हाताले आग लागतच नाई, खाला. निखारा उचलून दाखवू का?”

आणि उचलला की हो! दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवला.

बायकांच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

“माह्या जेठाले असंच झालं होतं,” अमीनाबी हळू आवाजात म्हणाली. “पयले आग लागे ना. मंग बोटं झडली. गावाबाहेर झोपडी घालून देली त्याले.”

महारोगाचं नाव कुणी घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. जैतुनबीनं निखारा टाकला आणि स्वतःच्या बोटांकडे पाहत राहिली.

“पोरगी गुणाची हाय तुमची,” अमीनाबी उठता उठता म्हणाली. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं. “पन माह्या घरात लेकरं हायत, बाई.”

“खाला, रोटी तं खाऊन जा. एक घास...”

कुणी परातीकडे पाहिलंसुद्धा नाही. सैफुद्दीन दमणीमागे वेशीपर्यंत धावला, हात जोडले, आणि टोपी हातात घेऊन परत आला. फय्याजनं जाताना एकदा दाराकडे पाहिलं, इतकंच. रोट्या चुलीशी वाळून कडक झाल्या. इतका राग येतो, पण धरायचा कुणावर?

लतीफा आतून आली. हळद-तूप घेऊन आईजवळ बसली आणि तिचं मनगट धरून फोडावर लावू लागली. जैतुनबी चुलीत पाहत होती. खूप वेळानं तिनं मान वळवली, तेव्हा तिला दिसलं, आपला हात लेकीच्या हातात आहे.

तिनं तो हिसडा मारून सोडवला.

“नको शिवू मले.”

“अम्मा...”

“सरक म्हणते ना!” जैतुनबी ओरडली. लतीफानं पुन्हा हात पुढे केला. जैतुनबीनं आपले दोन्ही हात ओढणीखाली दडवले आणि भिंतीकडे सरकत गेली.