मिस्त्रींचा उजवा कान

मी मिस्त्रींचा उजवा कान बोलतोय. खरा कान नव्हे. त्याच्या मागे बसणारं, बोटाच्या पेराएवढं ऐकण्याचं यंत्र. सध्या माझा मुक्काम कोर्टाच्या कपाटात, सील मारलेल्या पाकिटात आहे. यंत्राला कधी बोलता येतं का, असं विचारू नका. तोंड असलेली माणसं कोर्टात काय काय बोलली ते मी ऐकलं आहे. त्यांच्यापेक्षा वाईट मी बोलणार नाही.

कारखान्यात भिंगाखाली माझे तुकडे जोडले गेले आणि मी दुकानाच्या काचेमागे येऊन पडलो. तिथून मिस्त्रींच्या मुलीने मला विकत घेतलं. मिस्त्री पत्र्याचं काम करायचे. ट्रंका, बादल्या, टपालपेट्या. आयुष्यभर पत्र्यावर हातोडा पडला आणि कानाने हळूहळू अंग काढून घेतलं. पहिल्यांदा मी कानात बसलो आणि मिस्त्री चालता चालता थबकले.

"ह्या चपला माझ्याच वाजतात का गं?"

"तुमच्याच, बाबा. इतकी वर्षं आम्ही ऐकून घेतल्या."

मी नसलो की मिस्त्री सगळ्याला 'हो' म्हणायचे. त्यांनाच हसू नका. एकदा 'काय?' विचारलं तर लोक मोठ्याने सांगतात. दुसऱ्यांदा विचारलं तर कपाळाला आठ्या घालतात. तिसऱ्यांदा 'जाऊ द्या' म्हणतात. त्या 'जाऊ द्या'ची ज्याने चव घेतली, तो पुन्हा 'काय?' विचारत नाही. शेजारीण सासू गेल्याचं सांगायला आली, तेव्हा मी टेबलावर पडलो होतो. मिस्त्री हसून म्हणाले, हो हो, छान झालं.

मिस्त्री मुलाकडे राहायचे, मिस्त्रींच्याच घरात. बाजारातलं पत्र्याचं दुकान मुलगी चालवायची. मिस्त्रींचे हात थरथरायला लागले तेव्हा तिने हातोडा उचलला आणि पुन्हा खाली ठेवला नाही. मी शिट्टी मारायला लागलो, नळीत मळ अडकला, म्हणून तीच मला दुरुस्तीला घेऊन गेली. दुरुस्ती त्याच दिवशी झाली. तिने मला रुमालात गुंडाळून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी एका नव्या इमारतीच्या टपालपेट्यांचं मोठं काम आलं आणि ती मला विसरली.

एक-दोन दिवस नव्हे, दीड महिना. मिस्त्री गेले तेव्हा त्यांच्या उशाशी बसून तिने डोळे पुसायला रुमाल ओढला आणि मी फरशीवर पडलो. ती माझ्याकडे बघतच राहिली. मला उचलून तिच्या हातात ठेवलं ते तिच्या वहिनीने.

महिन्याभरात कोर्टाची नोटीस आली. मुलाने प्रोबेटचा, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाची मोहर घेण्याचा, अर्ज केला होता. त्या दीड महिन्यातच मिस्त्रींनी मृत्युपत्र केलं होतं. घर मुलाला, दुकानही मुलाला, मुलीचा कशावरही हक्क नाही. मिस्त्रींच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, म्हणून कागद वाचून दाखवला होता. साक्षीदार दोन, सह्या चोख. दुकान रिकामं करायला भावाने मुदतही कळवली.

मुलगी ज्या वकीलबाईंकडे गेली त्या फक्त मृत्युपत्रांचेच खटले चालवायच्या. कोर्टात त्यांना 'मयताच्या वकीलबाई' म्हणत. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि एकच विचारलं, हे वाचून दाखवलं तेव्हा कानात यंत्र होतं का? मुलीने पर्स उघडून मला टेबलावर ठेवलं.

"ते माझ्याकडे होतं."

"ताई, केस याच्यावरच उभी राहील," वकीलबाई म्हणाल्या, "आणि तुमची अब्रूही याच्यापायीच जाईल. दुसरा पुरावा माझ्याकडे नाही."

मुलगी चाचरत म्हणाली, यंत्र दुरुस्तीलाच अडकलं होतं, असं सांगितलं तर?

"खोटं बोलायला समोरची बाजू आहे. त्यांचं काम तुम्ही का अंगावर घेता?"

खटला उभा राहिला. औषधाच्या दुकानाचा मालक साक्षीदार होता. भला माणूस. शेजारधर्म म्हणून सही करणारी भली माणसं जगात किती घरं बुडवतात, याची मोजदाद कुणी ठेवत नाही. त्याने सांगितलं, कागद मोठ्याने वाचला, समजलं का विचारलं, मिस्त्री हो म्हणाले. यंत्राकडे आपलं लक्ष नव्हतं.

"आणखी कशाला हो म्हणाले?" वकीलबाईंनी विचारलं.

त्याने डोकं खाजवलं. "मुलाने विचारलं, खिडकी लावू का? हो म्हणाले. मग विचारलं, की उघडी ठेवू? त्यालाही हो म्हणाले."

लोक हसले. मी टेबलावर होतो. मुलगी हसली नाही.

मग ती पिंजऱ्यात उभी राहिली. मागच्या बाकांवर आत्या, काका, सगळे नातेवाईक. काही जण तर नुसती मजा बघायला आले होते. भावाच्या वकिलांनी मला दोन बोटांत धरून उंच केलं.

"म्हणजे वडिलांचा कान तुम्ही दीड महिना पर्समध्ये घालून हिंडत होता?"

"हो."

"रोज फोन करत होता म्हणता. त्यांना ऐकू येत नाही, हे कळलं नाही?"

"जेवलात का विचारलं की हो म्हणायचे. बरं वाटतंय ना विचारलं की हो म्हणायचे. मला दुकान आवरायचं असायचं. हो ऐकलं की मी फोन ठेवायची. मला तेवढंच ऐकायचं होतं."

वकील खाली बसले. तिला खजील करायला त्यांनी विचारलं होतं. पण त्याच उत्तराने मृत्युपत्रावरच्या 'हो'ची किंमत ठरली. न्यायाधीशांनी लिहिलं की वाचून दाखवणं म्हणजे ऐकवणं नव्हे. मृत्युपत्र रद्द. घर आणि दुकान दोघांत समान.

कारकून मला पाकिटात घालून नेत होता. दारात त्याला कुणी भेटलं म्हणून तो थांबला, आणि बाहेर बहीण-भाऊ समोरासमोर आले.

"दुकान वाचलं तुझं," भाऊ म्हणाला. "पण बाबा शेवटी भिंतीसारखे बसून होते, ते तुझ्यामुळे."

"माझ्यामुळेच. पण दादा, तू रोज समोर बसून जेवायचास. कान रिकामा दिसला नाही?"

भावाने जिन्याकडे पाहिलं. "दिसला होता. घरात कटकट नव्हती. म्हटलं, राहू दे असंच."

दोघं एकाच जिन्याने उतरले, मधे चार पायऱ्या सोडून.

कोर्टाने एक कागद रद्द केला. तो दीड महिना रद्द करणारं कोर्ट कुठे आहे, हे मला कुणी सांगितलेलं नाही. मिस्त्रींच्या मनात खरोखर काय होतं, हेही मला ठाऊक नाही. मी त्यांचा कान, आणि मी तिथे नव्हतो.

अपिलाची मुदत संपली की पुराव्याच्या वस्तू परत देतात म्हणे. मुलगी मला न्यायला येईल असं वाटत नाही. तिला मी बोल लावणार नाही. पण मी अजून चालू आहे. कुणाच्याही कानात घाला, तक्रार करणार नाही. आणि घरी कुणी म्हातारं माणूस असेल, तर आज त्याला 'जेवलात का' विचारू नका. 'काय जेवलात' विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.