जन्मतारखेचा पेपर

हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या तसे लोक भिंतीला टेकले, भिंती संपल्या तसे जिन्यावर बसले. सगळ्यांची नजर मंचावरच्या माणसाच्या हातातल्या एका पिवळ्या पडलेल्या वर्तमानपत्रावर. त्या माणसाला लोक अंकमहाराज म्हणत. त्याचं म्हणणं असं, की माणूस ज्या दिवशी जन्मतो त्या दिवशीच्या पेपरातल्या मथळ्यांत त्याचं उभं आयुष्य छापलेलं असतं. फक्त ते वाचता आलं पाहिजे. आणि ते वाचता येणारा सबंध जगात हा एकटाच निघाला, आपलं नशीब बघा.

तिसऱ्या रांगेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई दातओठ खात बसल्या होत्या. शेजारी त्यांची वहिनी, पलीकडे दादा. वहिनीच्या छातीत गाठ होती. गाठ वाईट आहे हे तपासणीत कळलं होतं, ऑपरेशनची तारीखही ठरली होती. तेवढ्यात दादाला कुणीतरी इथला पत्ता दिला. महाराजांनी वहिनीच्या जन्मतारखेचा पेपर मागवला आणि मथळा वाचला, ‘जुन्या बंधाऱ्यास हात लावू नये, अभियंत्यांचा इशारा’. झालं! बंधारा म्हणजे वहिनी. दादाने ऑपरेशन रद्द केलं आणि बहिणीला महिनाभर पत्ता लागू दिला नाही. आज वहिनीचा पेपर पुन्हा वाचला जाणार होता, म्हणून बाई सोबत आल्या होत्या.

“शिकलेली माणसं येतात इथे,” दादा कुजबुजला. “तो बघ, वकील आहे.”

“वकील झाला म्हणून काय झालं? अक्कल काळ्या कोटाबरोबर शिवून मिळत नाही,” बाई म्हणाल्या. वहिनी हल्ली बोलतच नव्हती.

मंचावर पन्नाशीचा एक कंत्राटदार उभा राहिला. जन्मतारीख त्याने आधीच फोनवर सांगितलेली होती.

“डोळे मिटा,” महाराज म्हणाले. “काळ मागे फिरतो आहे. उघड्या डोळ्यांना तो सोसत नाही.”

अख्ख्या हॉलने डोळे मिटले. बाईंनी मिटले नाहीत. महाराजांचा शिष्य त्यांच्या हातातला पेपर घेऊन पडद्याआड गेला आणि थोड्या वेळाने पेपर घेऊन बाहेर आला. महाराजांनी तो तोंडासमोर उघडून धरला.

“‘रॉकेलच्या रांगेत हाणामारी’. घरात वाद आहे का रे?”

कंत्राटदाराच्या डोळ्यांत पाणी आलं. आता वाद कुणाच्या घरात नसतो, सांगा.

मग कॉलेजातली एक मुलगी. पुन्हा डोळे मिटा, पुन्हा पडदा. “‘दोन तोंडांचे वासरू पाहण्यास गर्दी’. पोरी, तुझ्यापुढे दोन वाटा आहेत.” मुलीने मान डोलावली.

सगळे महाराजांचं तोंड बघत होते. बाई बघत होत्या पेपरची मागची बाजू, ती तर लोकांकडेच होती. तिथे छत्रीच्या कारखान्याची मोठी जाहिरात होती, आणि छत्रीच्या दांड्यावर चहाच्या कपाचा गोल डाग. कंत्राटदाराच्या वेळीही तीच छत्री, तोच डाग. कंत्राटदार त्या मुलीच्या बापाच्या वयाचा, आणि दोघांचा जन्म एकाच पेपरात?

वहिनीचं नाव पुकारलं गेलं. पेपर आला. छत्री आली, डागही आला. बाई उठल्या आणि थेट मंचावर चढल्या.

“हात लावू नका. परक्याचा हात लागला तर अंक जळेल.”

“जळू दे. आमच्या प्रयोगशाळेत रोज काहीतरी जळतं,” असं म्हणत बाईंनी पेपर ओढून घेतला. वरच्या तारखेच्या पट्टीखाली नख घातलं. चिकटपट्टी निघाली, वहिनीची जन्मतारीख त्यांच्या बोटाला चिकटून राहिली आणि खाली छापलेली खरी तारीख उघडी पडली. ती त्यांनी मोठ्याने वाचली.

“या दिवशी जन्मलेलं कुणी आहे इथे?”

एकही हात वर झाला नाही.

“एकच पेपर आहे. पडद्याआड फक्त पट्टी बदलते. ऐका, काय काय झालं होतं त्या दिवशी. ‘सत्काराला सत्कारमूर्तीच गैरहजर’. ‘चोरलेली सायकल पंक्चर निघाल्याने चोराने परत केली’. ‘सभेत खुर्च्यांची फेकाफेक, विषय होता खुर्च्यांची खरेदी’. घ्या, ज्याला जे नशीब हवं ते घ्या.”

हॉल खदखदून हसला. तशा बाई आणखीच भडकल्या.

“हसता काय? आत्तापर्यंत याच्याच पुढे हात जोडत होतात ना?”

“पण माझ्या घरात वाद आहे, ते त्यांनी बरोबर ओळखलं,” कंत्राटदार म्हणाला.

“काका, त्याने फक्त विचारलं. सांगितलंत तुम्ही. एका पानावर वीस मथळे असतात, आणि भांडण, भीती, दुखणं सगळ्यांच्याच घरी असतं. मथळा तो वाचतो, अर्थ तुम्ही लावता. आणि खरा पेपर आणला असता तरी काय? सकाळचा पेपर आदल्या रात्री छापतात. तुम्ही जन्मायच्या आधीच छापलेल्या कागदात तुम्ही कुठून येणार?”

महाराज तेवढ्यात पडद्याआड गेले ते मागच्या दाराने पसार झाले. शिष्य सापडला. त्याच्या खिशात पट्ट्या होत्या.

दादा खाली मान घालून उभा होता. वहिनीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. “मला दवाखान्यात ने,” ती बाईंना म्हणाली. “आत्ता.”

ऑपरेशन झालं. वहिनी वाचली. बाहेर येऊन डॉक्टर म्हणाले, “महिनाभर आधी आणलं असतंत तर गाठीपुरतंच काढून भागलं असतं. आता सगळा स्तन काढावा लागला.” दादा भिंतीला धरून खाली बसला. बाईंनी त्याला उठवलं नाही. रडू दे म्हणाल्या.

तर मंडळी, कुणीही तुमचं भविष्य सांगायला लागला, की त्याला म्हणा, कागद इकडे द्या. मागून बघा, पुढून बघा, नखाने खरवडून बघा. खऱ्याला त्याने काही होत नाही. आणि गाठ लागली हाताला, तर डॉक्टरकडे जा, त्याच दिवशी जा. डोळे मिटायला सांगणाऱ्याकडे जाऊ नका. तुम्ही ते मिटता, आणि त्याची किंमत घरातली बाई मोजते.