विथ म्हणजे बरोबर

खडूचा तुकडा चिमटीत धरता येईना इतका झिजला होता, तरी संघप्रियानं तो टाकला नव्हता; फळ्यावर नुकतंच लिहिलेलं वाक्य तिच्याच तिरप्या अक्षरांतून तिच्याकडे बघत होतं — ‘शी लिव्हज विथ हर फादर.’ विथ म्हणजे बरोबर, सोबत. दरवर्षी आठवीला ती हेच सांगत आली होती.

“मॅडम,” शांभवी उभी राहिली, “म्हणजे ती वडिलांकडं ऱ्हाती, का वडील तिच्याकडं ऱ्हात्यात?”

वर्ग हसला.

“ते या वाक्यात कळत नाही,” संघप्रिया म्हणाली. “दोघं एका घरात राहतात, एवढंच.”

शांभवी बसली, पण तिचं समाधान झालं नव्हतं. पुढचं वाक्य थंडीनं कुडकुडण्याचं होतं. इथं विथ म्हणजे ‘मुळे’, असं सांगताना संघप्रियाचा आवाज घसरला. थंडीमुळे... वडिलांमुळे?

काल शिक्षकांच्या खोलीत कृष्णातनं विचारलं होतं. गणित शिकवणारा, अबोल, तिच्यासारखाच चाळिशीला टेकलेला. जूनपासून तो राधानगरीच्या शाळेत मुख्याध्यापक म्हणून जाणार होता. “माझ्याबरोबर चला,” तो म्हणाला, “लग्न करून.” पूर्वीही एकदा त्यानं विचारलं होतं, आणि कालही तिच्या तोंडून तेच उत्तर गेलं — “मी आबांबरोबर राहते.” त्यानं चष्मा पुसला. “उद्या विचार करून सांगा. यानंतर मी विचारणार नाही.” आज तो रजेवर होता म्हणून एक दिवस मिळाला होता, नाहीतर...

कळंब्याला बसमधून उतरून, तुरुंगाच्या लांबलचक भिंतीकडेनं चालताना तिला आई गेली ते दिवस आठवत राहिले. दिवसकार्य उरकून पाहुणे पांगले आणि आबा चुलीपुढे नुसते बसून राहिले, तेव्हा तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. भाऊ पिराजी हुपरीत, पैंजणांच्या कामात, त्याचा संसार त्याला पुरे. म्हणजे आबांना बघायला मीच. मी आबांची पथ्याची भाजी वेगळी केली, त्यांच्या खोकल्याला जागले, आलेली स्थळं नाकारली. लेक असून मुलासारखं करते, असं वस्तीत बायका म्हणायच्या, आणि ते ऐकताना मला — हो, बरं वाटायचं. फार बरं वाटायचं.

आबा, म्हणजे धोंडीराम, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, ओट्यावर बसले होते. शेजारी कपड्यांची पिशवी भरून ठेवलेली.

“पिराजी आलता दुपारी,” ते म्हणाले. “उद्या त्याच्याकडं जातो. तितंच ऱ्हावं म्हंतो.”

“असं अचानक? इथं काय कमी पडलं, आबा?”

“कमी कशाचं? त्यो किती वर्सं बोलीवतोय की. मीच न्हाय म्हणत आलो. तू एकटी पडशील म्हणून ऱ्हायलो हितं. आता वय झालं. नातवंडांत बसावं वाटतंय.”

ती चप्पलसुद्धा न काढता उभी राहिली. “मग कधी बोलला का नाहीत?”

“तू तरी कवा इचारलंस?”

राग नव्हता त्यांच्या आवाजात. ती आत गेली, आमटीला फोडणी दिली, मीठ घातलं की नाही ते आठवेना... इतकी वर्षं आपण त्यांना धरून ठेवलं म्हणायचं, की त्यांनी आपल्याला? संध्याकाळी तळ्यावरून फिरून येताना त्यांची पावलं जड व्हायची, ती दम्यानं असं ती समजत होती. आणि त्यांना तिथं, हुपरीत, कुणाचं तरी बोट धरून चालायचं होतं. तिच्यासाठी ते राहिले, त्यांच्यासाठी ती. आणि या घरात आपणहून, आपल्या हौसेनं, कुणी राहिलंच नव्हतं.

आता खरं तर मोकळं वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं. राधानगरीचा पाऊस, परकी खोली, रोज सकाळी एका पुरुषाचा चेहरा — हे सगळं एकदम अंगावर आलं, आणि ती दाराशी आली ती “नका जाऊ” म्हणायलाच. आबांनी मान वर केली.

“काय गं?”

त्यांच्या काळजीनं आपण हे म्हणणार होतो, की उद्याच्या भीतीनं? तिला सांगता येईना. कृष्णातला आता नाही म्हणायचं, तर ते तिला स्वतःच्या नावावर म्हणावं लागणार होतं. आबांच्या आड उभं राहता येणार नव्हतं.

“काही नाही,” ती म्हणाली. पण ती आत गेली नाही. इतक्या वर्षांत तिला प्रथमच आबांचा राग आला होता, आणि तो राग लपवावा असंही तिला वाटत नव्हतं.