दोन बोटांचा क्लच

गणराजने लिव्हरचे दोन्ही बोल्ट आवळले, पाना खिशात टाकला आणि गाडी रोहिदाससमोर उभी केली.

"धर. आता पुरंल बघ."

रोहिदासने डावा हात जॅकेटच्या खिशातून बाहेर काढला. त्या हाताला अंगठा होता, अनामिका होती, करंगळी होती. अंगठ्याशेजारची दोन बोटं पाच महिन्यांपूर्वी चाकणच्या एका कंपनीत, प्रेसखाली गेली होती.

इंदुरीच्या पलीकडं एक बंद पडलेली दगडखाण आहे. तिथं रविवारी सकाळी आठ-दहा जण ट्रायल्स खेळायला जमतात. हा शर्यतीचा खेळ नाही. दगडांवरून, ओघळीतून, कमरेएवढ्या पायरीवरून गाडी माणसाच्या चालीनं न्यायची आणि जमिनीला पाय लावायचा नाही, एवढंच. पाय टेकला की एक गुण दंड, पडलं की पाच. सगळा जीव क्लचमध्ये. तर्जनी लिव्हरवर, बाकीच्या तीन बोटांची मूठ हँडलवर, आणि गाडी तसूतसूनं सोडायची. रोहिदास ती अशी सोडायचा की बघणाऱ्याच्या हातातला चहा गार व्हायचा. केजकडून आयटीआय करून आलेला हा माणूस, आणि मावळातला गणराज. दोघं एकाच कंपनीत, एकाच शिफ्टला. जुन्या शंभर सीसीची ही गाडीही दोघांत एकच. सीट काढलेली, टाकी कापून लहान केलेली. बांधायची गणराजने आणि चालवायची रोहिदासने, असं सात वर्षं चाललं होतं.

पहिला लिव्हर एका बोटापुरता आखूड होता. अनामिका तिथवर पोचत नव्हती म्हणून गणराजने लांब लिव्हर आणून आतल्या बाजूला वाकवला. त्या रविवारी रोहिदासने सपाटीवर दोन फेऱ्या मारल्या आणि उतरला.

"कसं वाटतंय?"

"बरंय."

"खरं सांग राव."

"बोट भरून येतंय," रोहिदास म्हणाला. "आन् क्लच दाबला की हँडलवर नुसती करंगळीच राहायली."

गणराजला तेवढं पुरेसं होतं. पुढच्या आठवड्यात त्याने क्लचच्या स्प्रिंगा नरम केल्या. लिव्हर लोण्यासारखा आत जाऊ लागला, पण चढाला लागलं की क्लच घसरायचा. इंजिन ओरडायचं आणि चाक जागेवर. मग त्याने ठरवलं की क्लचची गरजच कमी करायची. तळेगावला सोपानराव नावाचे जुने टर्नर होते. त्यांच्याकडून त्याने इंजिनच्या मॅग्नेटवर बसणारी लोखंडी रिंग कातून घेतली, म्हणजे संथ वेगातही इंजिन बंद पडणार नाही. मागं जास्त दात्यांचं चाक घातलं. गाडी आता क्लचला हात न लावता पायी चालणाऱ्याच्या वेगानं चालायची, पण बैलासारखी. ॲक्सिलेटर सोडला तरी पुढं रेटत राहायची, आणि पायरीसमोर पुढचं चाक उचलायचं म्हटलं तर जड. म्हणून हँडल उंच केलं. तेवढ्यानं भागेना म्हणून फूटरेस्ट कापून दीड इंच मागं वेल्ड करायला तो पुन्हा सोपानरावांकडं गेला.

सोपानरावांनी गाडी चारी बाजूंनी बघितली.

"एक सांधताना तेरा तुटत्यात, गणराज. तू हिला गाडी ऱ्हाऊ दिली न्हाईस."

"त्याच्या हाताला जमंल अशी करतोय."

"व्हय, पर त्यानं मागितली का?"

सोपानरावांनी वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवला. "फूटरेस्ट मागं गेलं, म्हंजी पाय मागं गेला. ब्रेकचं पेडल हाय तिथंच हाय. त्ये बी लांबव."

"येत्या हप्त्यात करतो. रविवारी स्पर्धा हाय, टाइम न्हाई."

रोहिदासने मागितली नव्हती, हे खरं होतं. स्पर्धेत त्याचं नावही गणराजनेच घातलं होतं.

कंपनीत गणराज प्रेसचा सेटर होता, मशीन लावून द्यायचा; चालवायचा रोहिदास. त्या प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबायची. हात बटणावर असले की पत्रा दाबणाऱ्या डायखाली सापडत नाहीत, यासाठी ती सोय. पण तसं काम सावकाश होतं. त्या महिन्यात वरून टार्गेटचा तगादा होता आणि सुपरवायझर रोज येऊन नुसता उभा राहायचा. गणराजने डावीकडच्या बटणात लाकडाची पाचर मारली आणि वरून टेप चिकटवली. आता एका हातानं बटण, दुसऱ्या हातानं पत्रा. रोहिदास हसून म्हणाला होता, "आता कसं, जेवायला येळंवर जाऊ." तिसऱ्या दिवशी पत्रा सरळ करायला त्याचा डावा हात आत होता.

आरडाओरड्यात गणराजने आधी पाचर काढली. आधी पाचर, मग रोहिदास. हे दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं, पण रोहिदासने पाहिलं होतं.

दवाखान्यात कंपनीचे अधिकारी जबाब घ्यायला आले तेव्हा गणराज खाटेच्या पायथ्याशी उभा होता. रोहिदास छताकडं बघत म्हणाला, "माझंच लक्ष नव्हतं." त्यानं खाली सही केली. गणराजने ती करू दिली. नंतर त्याला वाटत राहिलं की आज बोलू, उद्या बोलू. रोहिदासला स्टोअरमध्ये खोकी मोजायला बसवलं. गणराज रोज शिफ्ट सुटली की गाडीचा कुठला तरी पार्ट घेऊन रावेतला त्याच्या खोलीवर जायचा. पार्ट हातात असला की बोलायला विषय असायचा.

स्पर्धेच्या दिवशी खाणीत पंधरा-वीस गाड्या होत्या. फितींनी वाटा आखल्या होत्या. तिसऱ्या वाटेच्या शेवटी ती कमरेएवढी पायरी होती. रोहिदास पूर्वी ती बोलत बोलत चढायचा.

पहिल्या दोन वाटांत त्याने सात वेळा पाय टेकला. तिसरीच्या तोंडाशी येऊन तो थांबला.

"गणा, ऱ्हाऊ दे का?"

"अरे, एवढी एक. आता हँडल उंच हाय, पुढचं चाक आपोआप उठंल."

रोहिदासने त्याच्याकडं क्षणभर पाहिलं आणि हेल्मेटची काच खाली केली.

पुढचं चाक उठलं, आणि उठतच गेलं. उंच हँडल, मागं गेलेलं वजन, मागचं जास्त दात्यांचं चाक, सगळं एकदम लागू पडलं. क्लच दाबायला अनामिका गेली तशी हँडलवरची करंगळी सुटली. जड रिंगेमुळं इंजिन रेटतच राहिलं. एक उपाय उरला होता, मागचा ब्रेक. रोहिदासचा उजवा पाय खाली गेला. तो कुठं गेला, हे गणराजला फितीच्या बाहेरून स्वच्छ दिसलं. पेडलाच्या दीड इंच मागं, हवेत.

रोहिदास पाठीवर पडताना त्याने उजवा हात मागं टेकला. गाडी त्या हातावर आली.

मनगटाची दोन्ही हाडं मोडली होती. ऑपरेशन करून आत स्टीलची पट्टी घातली, कोपरापर्यंत प्लास्टर केलं. संध्याकाळी त्याची बायको वर्षाली वॉर्डाबाहेर बाकावर बसली होती. मांडीवर रोहिदासचा शर्ट होता, दवाखान्यात कापून काढलेला. गणराज समोर येऊन उभा राहिला. ती ओरडली नाही.

"भाऊजी," ती म्हणाली, "आता उजव्या हाताला काय बसवणार?"

तिसऱ्या दिवशी वर्षाली डबा आणायला गेली असताना गणराजने त्याला चमच्यानं वरणभात भरवला. चार घास झाल्यावर रोहिदासने तोंड फिरवलं.

"मला चालवायचीच नव्हती," तो म्हणाला. "पहिल्या दिसापासून."

"मग बोलला का न्हाईस?"

"तू रोज पार्ट घेऊन यायलास. तुझं तोंड बघून नको म्हणवंना." "आन् मला वाटायचं, आज तरी दुसरं कायतरी बोलशील. लिव्हर सोडून."

गणराज ताटलीकडं बघत बसला. भात गार झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कंपनीत कामगार अधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये गेला. अनिश साहेब, वयानं त्याच्यापेक्षा लहान. पाचर, टेप, तगादा, पाचर कधी काढली, सगळं गणराजने सांगितलं आणि मराठीत लिहून दिलं. साहेबांनी कागद दोनदा वाचला.

"फाइल बंद झाली होती हो," ते म्हणाले. "आता चौकशी परत उघडावी लागेल. तुम्हाला तोवर कामावर घेता येणार नाही."

"चालंल."

गेटमधून बाहेर पडताना त्याला रोहिदासची बोटं गेल्यापासून पहिल्यांदा श्वास पुरा आल्यासारखं झालं. ते रावेतला पोचेपर्यंत टिकलं. रोहिदास घरी आला होता, भिंतीला उशी लावून बसला होता. गणराजने सगळं सांगितलं. वर्षालीने ओट्यावरचा गॅस बंद केला.

"कुणाकुणाला सांगितलंस?" रोहिदासने विचारलं.

"साहेबाला. लेखी दिलं."

"मला इचारायचं तरी."

"माझी चूक मी कबूल केली, भावा. तुझ्यावरचा ठपका गेला."

"मी सही केली हाय त्या कागदावर. लक्ष नव्हतं म्हणून. आता ते म्हणतील, ह्यानं खोटा जबाब दिला."

हे गणराजच्या डोक्यातच आलं नव्हतं.

आठ दिवसांनी कंपनीचा माणूस पाकीट घेऊन आला. गणराज तिथंच होता. भाजी आणून देण्याच्या निमित्तानं तो यायचा आणि दाराजवळ बसायचा. पत्रात लिहिलं होतं की पहिला जबाब खोटा का दिला याचा खुलासा करावा आणि सोमवारी दोघांनी चौकशीला हजर राहावं. पोच म्हणून सही हवी होती. रोहिदासने उजवा हात उचलून पाहिला. प्लास्टरच्या बाहेरची बोटं सुजून जांभळी झालेली, त्यांत पेन ठरेना. डावीकडं दिलं, तर दोन बोटांतून पेन निसटून फरशीवर गेलं.

"अंगठा चालेल," तो माणूस अवघडून म्हणाला आणि बॅगेतून शाईचं पॅड काढलं.

"आयटीआय झालंय माझं," रोहिदास म्हणाला.

वर्षाली आत वळली. गणराज उठला, पॅड हातात धरलं. रोहिदासने डावा हात पुढं केला. गणराजने ते मनगट धरलं, अंगठा शाईत दाबला, मग कागदावर. ठसा जरा पसरला.

माणूस गेल्यावर रोहिदास अंगठा पँटीला पुसत राहिला.

"सोमवारी धाला बोलावलंय," तो म्हणाला.

"नेतो मी तुला."

"मोटारसायकल नको. मला धरता येत न्हाई." त्याने डोळे मिटले. "रिक्षा बघ."

गणराज हो म्हणाला आणि चपला घालून खाली उतरला. नाक्यावर तीन रिक्षा उभ्या होत्या. सोमवारला अजून चार दिवस होते, तरी तो पहिल्या रिक्षावाल्याजवळ गेला आणि चाकणला येणार का म्हणून विचारू लागला.