आठव्या विहिरीचा ठिपका

पडद्यावरच्या यादीत आठ विहिरींची नावं होती आणि प्रत्येक नावापुढे मुगाच्या दाण्याएवढा एक ठिपका. पाणी पिण्याजोगं असेल तर हिरवा, नसेल तर लाल. शेवटचा ठिपका हिरवा होता, पण वरच्या हिरव्यांपेक्षा किंचित फिका, घाईत दुसरीकडून उचलून ठेवल्यासारखा.

"मेघा, हा कुठून आला?" तनुजाने विचारलं.

मेघा डायनिंग टेबलावर, लॅपटॉपच्या शेजारीच मटार सोलत होती. तिने मान वळवून पाहिलं.

"तो होय! डमी आहे ताई. तुम्ही त्या विहिरीचा आकडा देतच नव्हता, जागा कशी बोडकी दिसत होती. मग मी टाकला बारा. बाराला काय, हिरवा ठिपका येतो. खरा आकडा आला की बदलायचं, डिझाइनमध्ये असंच करतात."

तनुजाने ती ओळ पुन्हा वाचली. पठाडे यांची विहीर, करमाड शिवार. नायट्रेट १२. पठाडे म्हणजे ती स्वतः आणि तिचा धाकटा भाऊ सोमनाथ. वडील गेल्यावर सात-बाऱ्यावर दोघांचीही नावं लागली होती.

ती शहरात, महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायची. गावाकडे लग्नाला गेली तरी कोणीतरी रिकाम्या बाटलीत विहिरीचं पाणी भरून तिच्या हातात द्यायचं, "एवढं बघून सांग बाई." ती तपासून फोनवर आकडा सांगायची, लोक विसरायचे, पुन्हा फोन करायचे. म्हणून तिला स्वतःची लहानशी वेबसाइट हवी होती. शहरातल्या कॅनॉट भागात, वेबसाइट करणाऱ्या एका ऑफिसात खर्च ऐकून ती चहा न घेताच उठली होती. मग भावजयीने, श्रेयाने, आपली वर्गमैत्रीण सुचवली. मेघा सिडकोतल्या घरूनच काम करायची आणि खरंच स्वस्तात करून देत होती. तिची एकच अट होती. काम आकाराला आलं की ते आपल्या जाहिरातीत दाखवणार.

ही अट तनुजाला आता आठवली.

"हे अजून कोणी पाहिलं नाही ना?"

मेघाची मटारची शेंग अर्धीच उघडी राहिली. "साइट सुरू नाही केली ताई. फक्त... काल दुपारी स्टेटसला फोटो टाकला. आपलं ठरलं होतं ना तसं?"

"फोन दे."

स्टेटस पाहणाऱ्यांत श्रेयाचं नाव होतं. खाली तिचं उत्तरही. 'आमच्या विहिरीला ग्रीन सिग्नल! थँक्यू मेघू, मोठं टेन्शन गेलं.'

"मला वाटलं, डिझाइन आवडलं म्हणतेय," मेघा म्हणाली.

श्रेयाचं बाळ दोन महिन्यांचं होतं. अंगावरचं दूध पुरत नव्हतं, म्हणून पावडरीचं दूध पाण्यात कालवून बाटलीने पाजायचे. तनुजाने बजावून ठेवलं होतं की रिपोर्ट येईपर्यंत बाळाला जारचंच पाणी वापरा, विहिरीचं नको. रिपोर्ट तिच्याकडे केव्हाच तयार होता. तिने तीनदा तपासलं होतं आणि आकडा हलत नव्हता. एकशे अठरा. नायट्रेट पंचेचाळीसच्या वर गेलं की ते पाणी पिण्याचं राहत नाही, आणि तान्ह्या बाळाच्या रक्तात ते प्राणवायूच टिकू देत नाही. ओठ निळे पडतात.

बाकीच्या सात मालकांकडे ती स्वतः गेली होती. आकडा सांगितला होता, साइटवर टाकायला परवानगी घेतली होती. ज्यांचं पाणी वाईट निघालं त्यांच्याकडेही. आठव्या मालकाला मात्र ती "परत एकदा बघते" एवढंच सांगत आली होती. सोमनाथला विहिरीकडच्या तुकड्याचे प्लॉट पाडून विकायचे होते, करमाडला हार्डवेअरचं दुकान टाकायचं होतं. 'प्रत्येक प्लॉटला विहिरीच्या पाण्याची लाइन' असा फलक त्याने जालना रोडला लावलासुद्धा होता.

तिने श्रेयाला फोन लावला. रिंग वाजून बंद झाली. पुन्हा लावला. मग सोमनाथला.

"ताई, सिल्लोडची पार्टी बसलीय घरी, मागून बोलतो," तो दबक्या आवाजात म्हणाला. "पर तू कमाल केली, लई भारी! श्रेयानं दाखवला फोटो. म्या तसाच पार्टीला धाडला."

"सोमनाथ, ऐक, बाळाला—"

फोन कटला होता. पुन्हा लावला तर त्याने उचललाच नाही. ती उठली.

"मी येऊ?" मेघा रडवेली झाली होती. "ताई, आई शप्पथ, मला काहीच माहीत नव्हतं."

"तू काही चुकीचं केलं नाहीस. स्टेटस काढ आणि फोन हातात ठेव."

करमाडच्या वाटेवर चिकलठाणा मागे पडलं. शेंद्र्याला कंपन्यांच्या बसगाड्या सुटल्या होत्या आणि तिची स्कूटी त्यांच्या धुरातून वाट काढत होती. बाळाचं वजन, एका बाटलीतलं पाणी, कालपासून किती वेळा. आकडेमोड थांबत नव्हती, आणि येणाऱ्या उत्तरावर तिचा विश्वासही बसत नव्हता.

घरापुढे पांढरी गाडी उभी होती. ओसरीवर पाहुण्यांच्या पुढ्यात पाण्याचे ग्लास होते. कोणाकडे न बघता ती थेट आत गेली. श्रेया ओट्याशी उभी राहून बाटली हलवत होती.

"पाणी कुठलं?"

"अगं बाई, ताई! कधी आलात?"

"श्रेया, पाणी कुठलं आहे?"

"विहिरीचंच. मेघूनं टाकलं ना, हिरवं. जार बंद केला काल संध्याकाळी. तसं उकळून देते मी."

तनुजाने बाटली तिच्या हातातून घेतली आणि मोरीत ओतली. "उकळून नायट्रेट जात नाही. पाणी आटेल तसं वाढतं. तो आकडा खोटा आहे, मेघाने जागा भरायला टाकलेला. बाळ कुठंय?"

श्रेयाने खोलीकडे हात केला.

तनुजाने झोळीतून बाळाला उचललं आणि दाराच्या उजेडात आणलं. खालचा ओठ बोटाने हलकेच ओढून पाहिला. इवली नखं एकेक करून पाहिली. झोपमोड झाली म्हणून बाळाने तोंड वेडंवाकडं केलं आणि मग लालबुंद होत रडायला लागलं. तो लाल रंग तिने डोळे भरून पाहिला.

"ठीक दिसतंय. तरी आत्ताच डॉक्टरकडे ने. काय पाजलं ते सांग, नायट्रेट म्हण. काही लपवू नकोस."

श्रेया बाळाला छातीशी धरून मागच्या दाराने शेजाऱ्यांना हाका मारत गेली. सोमनाथ आत आला तेव्हा तनुजा एकटीच उभी होती.

"किती हाय खरा आकडा?"

तिने सांगितला.

तो चुलीपुढच्या पाटावर खाली बसला. "कधीपासून माहीत हाय तुला?"

"बरेच दिवस."

"अन् मला आज सांगती व्हय? दाराशी पार्टी बसल्यावर?" त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "बरं. झालं ते झालं. आजपासून जार. पर त्या लोकांम्होरं तोंड उघडू नको, ताई. त्यांना जाऊ दे. पाणी काय, फिल्टर बसवतील ते."

"ज्याला ठाऊक आहे तो बसवेल."

"विहीर माझी बी हाय!"

"दोघांची आहे."

"मग माझं बी ऐक की एकदा! दुकानाचा गाळा बघून ठेवलाय म्या. तुझा पगार सुरू हाय, तुला नाय कळायचं."

हेच वाक्य ऐकायला लागू नये म्हणून तर ती पुन्हा पुन्हा तेच पाणी तपासत बसली होती.

बाहेरून हाक आली. "सोमनाथराव, ताईंना बोलवा की! ज्यांनी पाणी तपासलं त्याच ना ह्या?"

दोघं ओसरीवर आले. सिल्लोडचे व्यापारी वयस्कर, मोकळ्या चेहऱ्याचे होते. त्यांच्या हातातला ग्लास रिकामा झाला होता.

"पाणी लई गोड हाय तुमचं, ताई. लेकाला इथं घर बांधून देतोय. त्याची पोरं लहान हायेत, म्हणून म्हटलं, खुद्द तुमच्याच तोंडून ऐकावं. तो फोटोतला आकडा बराबर हाय ना?"

सोमनाथ तिच्याकडे बघत नव्हता. अंगणातल्या पांढऱ्या गाडीकडे बघत होता.

तनुजाने पर्समधून फोन काढला, मेघाला लावला आणि स्पीकर सुरू केला.

"बोला ताई! बाळ कसंय?"

"डॉक्टरकडे नेलंय. मेघा, लॅपटॉप उघडा आहे?"

"हो, समोरच आहे."

"शेवटच्या ओळीतला बारा खोड," ती सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "तिथे एकशे अठरा लिही. ठिपका लाल कर. आणि साइट आत्ता सुरू कर."